चिकटलं म्हणजे टिकलं, असं नाही!

लग्न, होम लोन आणि नेमप्लेट. आपल्या पिढीच्या आयुष्यात या तीन गोष्टी साधारण याच क्रमाने येतात. पहिल्या दोन गोष्टींवर घरचे, ऑफिसातले, बँकवाले, झालंच तर रिक्षावालेसुद्धा फुकट सल्ले देतात. तिसरीवर मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. आपण एका रात्री जेवण झाल्यावर नेटवर बसतो, पंधरा डिझाइन्स बघतो, सोळावं ऑर्डर करतो आणि मोकळे होतो.

आणि ऑर्डर काय करतो? तर लाकडी पाटी, त्यावर दुधी ॲक्रिलिकची अक्षरं आणि मागून मंद पिवळा उजेड. एके काळी पितळेची पाटी आणि त्यात काळी कोरलेली अक्षरं असायची. मग संगमरवर आला, मग स्टील. आता बॅकलिट पाट्यांचा जमाना आहे. कुठल्याही नव्या टॉवरमध्ये लिफ्टमधून बाहेर पडा, एका तरी दाराशी ही पाटी लुकलुकताना दिसेलच. दिसते सॉलिड, यात वादच नाही. प्रश्न फक्त एवढाच, की लाकडावर ॲक्रिलिक टिकतं किती दिवस?

माझ्या एका मैत्रिणीचंच घ्या. वाकडला नवा फ्लॅट, आठवा मजला. हप्ता दोघांच्या पगारातून जातो, सासू-सासरे सोबत राहतात. पाडव्याला पाटी लागली. वर सासऱ्यांचं नाव, मग नवऱ्याचं, मग तिचं. तिचं म्हणजे पूर्ण : आधी नाव, मग माहेरचं आडनाव, मग सासरचं. डिझायनरने स्टाइल म्हणून तिन्ही शब्दांवरून एकच लांबलचक शिरोरेषा ओढली होती. म्हणजे ती अख्खी ओळ दोन फुटांचा सलग तुकडा.

महिन्याभरात तिच्या नावावरचा अनुस्वार पडला. फरशी पुसताना सापडला, डबीत ठेवला. मग मे महिना आला. पॅसेज पश्चिमेला उघडा, दुपारी तीन ते सहा ऊन थेट पाटीवर. तिच्या ओळीची दोन्ही टोकं हळूहळू उचलली गेली आणि एका संध्याकाळी बारीक शिरोरेषा दोन ठिकाणी तुटून दोन्ही बाजूंचे तुकडे खाली. उरलं काय? सासऱ्यांचं नाव, नवऱ्याचं नाव आणि त्याखाली, एकदम ठणठणीत, तिच्या माहेरचं आडनाव! कुरिअरवाल्या मुलाने विचारलंसुद्धा, ‘‘मॅडम, इथे पेइंग गेस्ट ठेवलेत का?’’

हसून हसून पुरेवाट झाली आमची. पण खरी गंमत पुढे आहे. तिने पाटीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, ‘‘नाव फार लांब आहे मॅडम. एक आडनाव काढून टाका, फ्रीमध्ये नवीन पाठवतो.’’

आता मला सांगा, हप्त्याचा अर्धा आकडा हिच्या अकाउंटमधून जातो. ॲग्रीमेंटवर हिचं पूर्ण नाव आहे, पासपोर्टवर आहे, पॅनकार्डवर आहे. आणि दारावर मात्र ते गोंदाच्या सोयीने छोटं करायचं? तिने शांतपणे उत्तर दिलं, ‘‘नाव नाही कापणार. तुम्ही गोंद बदला.’’ त्याने फोन ठेवला आणि तिने मला लावला. (मी फ्रीलान्सर. म्हणजे वीकडेच्या दुपारी मी मोकळीच असते, असा समस्त मित्रमंडळींचा ठाम समज आहे.) पडलेले तुकडे पिशवीत घालून आम्ही दोघी पेठेतल्या एका बोर्ड बनवणाऱ्या काकांकडे थडकलो. पुढचं सगळं ज्ञान बऱ्यापैकी त्यांच्या कृपेने.

पोस्टमॉर्टेम रिपोर्ट

काकांनी आधी चष्मा लावला आणि अक्षरं उलटी करून बघितली. म्हणाले, ‘‘ताई, पाटी का पडली ते गोंदालाच विचारायचं. तो कुठे राहिलाय बघा.’’

फंडा एकदम क्लिअर आहे. जोड सुटला की गोंद तीन ठिकाणी असू शकतो. सगळा गोंद ॲक्रिलिकच्या मागे असेल, तर त्याने लाकूड धरलंच नव्हतं. सगळा लाकडावर असेल, तर ॲक्रिलिक धरलं नव्हतं. आणि अक्षराच्या मागे लाकडाचे तंतू उपटून आले असतील, तर गोंद पास, लाकूडच आधी फाटलं.

आमच्या केसमध्ये मोठ्या तुकड्यांच्या मागे गोंदाचा अख्खा थर तसाच होता, वर चकचकीत. कारण पाटीला मेणाचं पॉलिश होतं. गोंद लाकडाला नाही, मेणाला चिकटला होता! अनुस्वाराची गोष्ट उलटी. त्याचा गोंद पाटीवर एका ठिपक्यासारखा राहिला होता आणि तो स्वतः गुळगुळीत होऊन सुटला होता. आधीच शर्टाच्या बटणाएवढा जीव, त्यात ॲक्रिलिकची पाठ आरशासारखी, आणि रोज त्यावरून फिरणारं पुसायचं फडकं. देवनागरीतले अनुस्वार, नुक्ते, चंद्रबिंदूतले ठिपके ही पाटीतली सगळ्यात दुबळी मंडळी. शिरोरेषेचा आधार नाही आणि चिकटायला जागा नाही. आणि ‘आनंद’चा ‘आनद’ झाला की घराची शोभा काय राहिली?

दोन स्वभाव

मग ते माहेरचं आडनावच तेवढं का टिकलं? मला वाटलं योगायोग. पण तो निव्वळ फिजिक्सचा भाग निघाला.

ॲक्रिलिक म्हणजे पॉलिमिथाइल मिथाक्रिलेट. जर्मनीत ओटो रोहम यांनी १९३३ मध्ये ‘प्लेक्सिग्लास’ या नावाने ते नोंदवलं. पारदर्शक शीटमधून जवळजवळ ९२ टक्के उजेड आरपार जातो, वजन काचेच्या निम्मं, लेझरने लोण्यासारखं कापलं जातं. बोर्डवाल्यांचं ते लाडकं झालं यात नवल नाही. पण त्याचा एक स्वभाव आहे. उष्णतेने ते बरंच पसरतं. दोन फुटांची पट्टी २५ अंशांनी तापली, तर साधारण एक मिलिमीटर लांब होते. पुण्यात जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत फरक याहून मोठा असतो.

लाकडाचा स्वभाव वेगळा. उष्णतेचं त्याला फारसं काही वाटत नाही. तेवढ्याच लांबीला, रेषांच्या दिशेने, ते मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढंही हलत नाही. त्याचं दुखणं म्हणजे ओल. पावसाळ्यात लाकूड हवेतला दमटपणा पितं आणि रेषांना आडवं फुगतं. उन्हाळ्यात आक्रसतं. सागवानाची फूटभर रुंद फळी वर्षभरात दोन-तीन मिलिमीटरसुद्धा इकडेतिकडे होऊ शकते. प्लायवूड त्या मानाने शांत, कारण त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात.

म्हणजे मे महिन्यात एक पसरतोय, दुसरा आक्रसतोय. जुलैमध्ये दुसरा फुगतोय. मध्ये बिचारा गोंद. आणि सलग तुकडा पसरतो तेव्हा त्याचा मध्य जागच्या जागी राहतो, सगळी ओढाताण टोकांना होते. म्हणून टोकाचं नाव गेलं, टोकाचं आडनाव गेलं, मधलं राहिलं. सासऱ्यांचं नाव छोटं होतं, त्याला काही झालं नाही. नाव लांब असणं हा गुन्हा नव्हता. लांब नावाला दगडासारखा ताठ गोंद लावणं हा होता.

कुठला गोंद कशाला?

आता तुम्ही म्हणाल, मग लावायचं काय? घरातल्या ड्रॉवरपासून सुरुवात करू.

पांढरा फेविकॉल : लाकडाला लाकूड जोडायला बाप माणूस. तो लाकडाच्या छिद्रांत शिरतो आणि पाणी उडालं की घट्ट होतो. ॲक्रिलिकला छिद्रंच नाहीत. त्यामुळे तिकडून तो सायीसारखा सोलून निघतो.

फेविक्विकसारखे झटपट गोंद : पाच सेकंदांत कमाल, पाच महिन्यांत धमाल. जोड कडक पण ठिसूळ होतो. ओढाताण आणि धक्के सोसत नाही. वर त्याच्या वाफेने अक्षराच्या कडेला पांढुरकी भुकटी बसते, ती उजेडात हमखास दिसते.

क्लोरोफॉर्म : बोर्डवाल्यांकडे छोट्या बाटलीत असतो. ॲक्रिलिकला ॲक्रिलिक जोडायला तो वापरतात, कारण तो दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो. लाकूड त्यात विरघळत नाही, म्हणजे इथे उपयोग शून्य. वाफही यकृताला घातक. घरी आणायच्या भानगडीत पडू नका.

अॅराल्डाइटसारखं दोन ट्यूबचं इपॉक्सी : दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडले तर पकड चांगली. पण वाळल्यावर ताठ, आणि उन्हात पिवळं पडतं. छोट्या तुकड्याला ठीक, दोन फुटी ओळीला नको.

सिलिकॉन : इथे गोष्ट जमायला लागते. ते वाळल्यावरही रबरासारखं राहतं, त्यामुळे दोन्ही बाजूंची हालचाल सोसतं. मात्र साधं, व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका. दुकानात ‘न्यूट्रल क्युअर’ म्हणून मागा. ते हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत वाळतं, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. म्हणून पातळ थर आणि भरपूर धीर.

फोमची दुहेरी टेप : थ्रीएमची व्हीएचबी हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. साध्या स्पंजच्या टेपशी तिची तुलना नको. तिचा अख्खा गाभा ॲक्रिलिक फोमचा, म्हणजे लवचीक. हवी तशी कापता येते, ओघळत नाही. पण पूर्ण ताकद यायला ७२ तास लागतात. संध्याकाळी चिकटवून रात्री पाटी टांगलीत, तर तक्रार स्वतःकडेच नोंदवा.

काकांचा मंत्र

एवढं सगळं ऐकून मैत्रीण म्हणाली, ‘‘म्हणजे काका, सिलिकॉन लावून अक्षरं परत बसवा.’’ काका म्हणाले, ‘‘बसवतो. पण बॅकलिटच पाहिजे ना? मग उलटं करू. अक्षरं लाकडात कापू आणि ॲक्रिलिक मागे ठेवू.’’

ही आयडिया झक्कास आहे, कारण तिथे पडण्यासारखं अक्षरच उरत नाही. प्लायवर सागाचं व्हिनियर, त्यात लेझरने नावं आरपार कापलेली आणि मागे तीन मिलिमीटरचं दुधी शीट. उजेड अक्षरांच्या आकारातून बाहेर येतो. आणि ते मोठं शीट चिकटवायचंच नाही! मागच्या बाजूला खाच करून त्यात ठेवायचं, वरून लाकडी पट्ट्या स्क्रूने लावायच्या. मधोमध एक स्क्रू घट्ट. बाकी ठिकाणी शीटभोवती दीड-दोन मिलिमीटर मोकळी जागा. जुन्या वाड्यांच्या दारात चौकटीतल्या फळ्या खाचेत अशाच सैल बसवलेल्या असतात, म्हणून त्या इतके पावसाळे काढूनही तडकत नाहीत.

पण मराठीत एक मेख आहे. ‘व’ कापा. त्याच्या पोटातला गोल तुकडा सुटून हातात येतो. ‘ब’ला तेच, ‘क’ला तेच. ‘म’च्या आतला चौकोन तर शिरोरेषेमुळे चहूबाजूंनी बंद. हे सगळे तुकडे कुठे ठेवायचे? मागच्या दुधी शीटवर चिकटवायचे. म्हणजे लाकूड आणि ॲक्रिलिकचा जोड शेवटी आलाच! फक्त आता तुकडा दोन सेंटिमीटरचा आहे. एवढ्याशा जागेत ॲक्रिलिक मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढंही पसरत नाही. टेप ते हसत सोसते.

काकांचा मंत्र मी डायरीत लिहून घेतला : छोटं असेल ते चिकटवा, मोठं असेल ते नुसतं धरून ठेवा.

हे बेटासारखे तुकडे नेमक्या जागी बसवायची ट्रिकही भारी आहे. कापून निघालेलं अक्षर फेकायचं नाही. पाटी शीटवर ठेवायची, अक्षर परत त्याच्या खाचेत घालायचं, त्याच्या पोटात तो तुकडा आपोआप बरोबर बसतो. दाबायचा आणि मग अक्षर अलगद काढून घ्यायचं. मोजमाप नको, पट्टी नको.

जोडण्याआधी

इथे काकांनी आम्हाला अक्षरशः पहारा देत करायला लावलेल्या गोष्टी :

ॲक्रिलिकच्या दोन्ही बाजूंना संरक्षक कागद किंवा फिल्म असते. मागची आधी सोला. नाहीतर तुम्ही फिल्मला चिकटवाल.

थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यांनी ॲक्रिलिक पुसू नका. त्याला केसासारखे बारीक तडे जातात. लेझरने कापलेल्या कडांना तर जास्तच, कारण तिथे कापतानाच्या उष्णतेचा ताण अडकलेला असतो. सौम्य साबणाचं पाणी, मऊ कापड, बस्स.

लाकडाच्या ज्या भागाला टेप लागणार, तिथे मेण किंवा तेल नको. साध्या वार्निशचा हात द्या, पूर्ण वाळू द्या, बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा, धूळ पुसा. कच्च्या लाकडाला टेप लावली तर ती भुशालाच चिकटते.

टेप लावल्यावर जोर करून दाबा. ही टेप दाबाने पकडते, प्रेमाने नाही.

पाटी उघड्यावर, पावसाच्या माऱ्यात असेल तर एमडीएफचं नाव काढू नका, पाणी पिऊन ते पावासारखं फुगतं. मरीन प्लाय घ्या, शिक्का बघून : आयएस ७१०.

आणि उजेड?

एलईडीची पट्टी आम्ही तपकीर गल्लीतून आणली. गर्दीत घुसण्याआधी एक हिशोब करून जा. मीटरला ६० एलईडी असतील तर दोन ठिपक्यांत साधारण १७ मिलिमीटर अंतर पडतं. पट्टी आणि दुधी शीट यांच्यात किमान तेवढी, जमलं तर २५ मिलिमीटर जागा ठेवा. नाहीतर नावाच्या जागी दिव्यांची माळ दिसते. पेटीला आतून पांढरा रंग द्या, उजेड सारखा पसरतो.

१२ व्होल्टची अशी पट्टी दर तीन एलईडींनंतर, खुणेवरच कापायची. मीटरला ४.८ वॉट लागत असतील तर दीड मीटरला ७.२ वॉट. त्याला १२ व्होल्ट, एक ॲम्पिअरचा अडॅप्टर भरपूर झाला. तो घराच्या आत ठेवा आणि बाहेर फक्त १२ व्होल्टची वायर न्या. पाटीला हात लावणारी लहान मुलं शेजारी असतातच. अडॅप्टर पाटीत कोंबला तर त्याची उष्णताही ॲक्रिलिकलाच मिळणार. हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलंत तर उत्तमच.

जाता जाता, ज्यांचं दुकान, क्लिनिक किंवा कॅफे आहे त्यांच्यासाठी. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुकानांच्या पाटीवर मराठी देवनागरी अक्षरं असणं आणि ती इतर भाषांतल्या अक्षरांपेक्षा लहान नसणं बंधनकारक आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. तेव्हा घाईघाईत अनेकांनी जुन्या बोर्डावर ॲक्रिलिकची अक्षरं चिकटवली. एकदा मान वर करून बघा. शिरोरेषेची टोकं उचललेली असतील तर आजच काढून नीट बसवा. फ्लॅटच्या दारातून अक्षर पडलं तर फरशीवर पडतं. दुकानाच्या बोर्डावरून पडलं तर फूटपाथवरून जाणाऱ्याच्या डोक्यावर.

चार ओळी

काका कापायला घेणार, तेवढ्यात मैत्रिणीने नवं डिझाइन घरी फोनवर पाठवलं. पाच मिनिटांत सासूबाईंचा फोन. मला वाटलं, आता ‘एवढं लांब नाव कशाला’ सुरू होणार. स्पीकरवर त्या म्हणाल्या, ‘‘अगं, नवी करतेच आहेस तर माझंही नाव घाल की. पस्तीस वर्षं यांच्याच पाटीखालून ये-जा करतेय मी.’’

दोन सेकंद आमच्यापैकी कुणीच काही बोललं नाही. दोन आडनावांसाठी पाटीवाल्याशी भांडणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. मग तिने विचारलं, ‘‘आई, नाव कसं लिहायचं? नुसतं, की पूर्ण?’’

पलीकडून जरा वेळ लागला. मग उत्तर आलं, ‘‘तुझ्यासारखं. माहेरचंही घाल.’’

काकांनी काही न बोलता लेझरवाल्याला फोन करून पाटीची उंची अडीच इंचांनी वाढवायला सांगितली. तिचं नाव सासऱ्यांच्या नावाशेजारी येणार, की खाली, की वर, यावर घरात दोन दिवस चर्चासत्र चाललं. शेवटी सासऱ्यांनीच निकाल दिला, ‘‘वयाने मी मोठा, पण घरात आधी ती उठते. तिचं वर घाला.’’

पाटी लागून आता एक अख्खा उन्हाळा आणि एक पावसाळा झाला. चार ओळी, सगळे अनुस्वार जागेवर. तुमच्या दारावरची पाटी या वीकेंडला जरा जवळून बघा. टोकं उचलली आहेत का, ते तर बघाच. आणि घरातल्या कुणाचं नाव तिच्यावर नाहीच आहे का, तेही.